ठकीच्या मिशा कापल्या गेल्या, आता काय करायचं?

सांगलीच्या गावभागातून एका आईचं पत्र आलं आहे. त्यातला मुख्य भाग असा:

"डॉक्टरबाई, २०१९ च्या पुरात आम्ही सगळे माडीवर अडकलो होतो. तेव्हा एका रात्री जिन्याच्या वरच्या पायरीवर मांजराचं भिजलेलं पिल्लू येऊन बसलं. तीच आमची ठकी. गेल्या रविवारी सासूबाईंना दुधाच्या पातेल्यात तिची मिशी सापडली. मांजराचा केस पोटात गेला की दमा लागतो, असं त्या मानतात. 'त्या मिशाच कापून टाका एकदाच्या,' असं त्या रागाच्या भरात बोलून गेल्या आणि माझ्या तिसरीतल्या मुलाने ते खरं धरलं. शाळेच्या कात्रीने त्याने डावीकडच्या सगळ्या मिशा कापल्या. उजवीकडच्या निम्म्या झाल्या तेव्हा तिने ओरखडा काढला, म्हणून तो थांबला. त्या दिवसापासून ठकी माळ्यावर चढत नाही. रात्री उंबऱ्यापाशी बसून राहते. परवा कपाटाच्या मागे अडकून ओरडत होती. वाटीतलं दूध अर्धं टाकते. शेजारच्या काकू म्हणतात, उरलेल्या मिशाही कापा, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या होतील. मिशा परत येतील का? तिला दुखतंय का? मुलगा रोज रात्री रडतो. आणि सासूबाईंना मी काय सांगू?"

ताई,

मिशांचं सगळं सांगते, पण तुमच्या पत्रातलं ओघात आलेलं एक वाक्य मला आधी टोचलं. ठकीने मुलाला ओरखडलं. हे उत्तर वाचाल तोवर काही दिवस गेलेले असतील, तरीही आजच त्याला डॉक्टरांकडे न्या आणि ओरखडा दाखवा. रक्त आलं नव्हतं, मांजर घरचंच आहे, असं म्हणून सोडून देऊ नका. रेबीज कुत्र्यापासून होतो तसा मांजरापासूनही होतो, आणि तो झाल्यावर जवळजवळ कुणीच वाचत नाही. उशीर झाला म्हणून इंजेक्शन वाया जात नाही. ते सरकारी रुग्णालयात मोफत मिळतं. पुढे कधी असं झालं तर पहिली पंधरा मिनिटं नळाच्या वाहत्या पाण्याखाली साबण लावून जखम धुवायची. आपण सांगलीकर कुठल्याही जखमेवर पहिली हळद दाबतो. या जखमेवर हळद नको, चुना नको, तिखट तर नकोच. आणि ठकीला रेबीजची लस दिलेली नसेल तर तीही या महिन्यात उरकून घ्या.

आता ठकीकडे वळू.

मिशा परत येतात. काही आठवड्यांत नवे कोंब दिसायला लागतील, पूर्ण लांबीला दोन-तीन महिने धरून चाला. मांजराची मिशी आपल्या केसांसारखीच मधूनमधून आपोआप गळते आणि तिथे नवी येते. पातेल्यात सापडली ती तशीच गळलेली असणार. फरक एवढाच, की एरवी एका वेळी एखाद-दुसरीच गळते आणि बाकीच्या तिचं काम सांभाळून घेतात. ठकीच्या मात्र डावीकडच्या सगळ्या आणि उजवीकडच्या निम्म्या एका दमात गेल्या.

दुखण्याचं म्हणाल, तर कापताना दुखलं नसणार. मिशीची काडी नखासारखीच केराटिन नावाच्या कडक प्रथिनाची असते, तिच्यात मज्जातंतू नसतो. जे काही आहे ते मुळाशी. ठकी मांडीवर निवांत झोपली असेल तेव्हा तिचा वरचा ओठ जवळून बघा. बारीक काळसर ठिपक्यांच्या चार ओळी दिसतील. एका बाजूला साधारण बारा मिशा, म्हणजे दोन्ही मिळून चोवीसेक. एकेक मिशी अंगावरच्या केसापेक्षा दुप्पट-तिप्पट जाड असते आणि तिचं मूळ तिप्पट खोल गेलेलं असतं. त्या मुळाभोवती रक्ताने भरलेली एक इवलीशी पिशवी असते आणि तिच्या भिंतीत शंभर-दोनशे मज्जातंतूंची टोकं येऊन भिडलेली असतात. मिशीचं टोक कशाला नुसतं चाटून गेलं तरी काडी मुळाशी किंचित हलते, पिशवीतलं रक्त ती हालचाल चहूकडे पोचवतं आणि मेंदूला कळतं: अमुक बाजूला, एवढ्या अंतरावर काहीतरी आहे. ओठाचे स्नायूही या मुळांना जोडलेले असतात, म्हणून मांजर मिशा पुढे-मागे फिरवू शकतं. वरच्या दोन ओळी खालच्या दोन ओळींपेक्षा वेगळ्या हलतात. कात्रीने काडी गेली, पण ही मुळं जागच्या जागी शाबूत आहेत. म्हणूनच कुणीही ते खुंट उपटायला जाऊ नये. उपटणं भयंकर दुखतं.

ही चूक माझ्याही हातून झाली आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एका तालुक्याच्या दवाखान्यात होते. एक म्हातारी टोपलीत झाकून तिची भाटी, म्हणजे मांजरी, घेऊन आली. कुत्र्याने ओठ फाडला होता. टाके घालताना आड येऊ नयेत म्हणून मी त्या बाजूच्या मिशा बुडापासून कातरल्या. गाई-म्हशींच्या जखमेभोवतीचे केस आम्ही रोज काढायचो, त्यातलंच हे एक, असं मला वाटलं. दहा दिवसांनी ती टाके काढायला आली. जखम छान भरली होती. मी तसं म्हटलं, तर म्हातारी म्हणाली, "जखम भरली, पर आता ती खिडकीच्या गजातनं जात न्हाई. हिची एक बाजू आंधळी केलीसा, बाई." कॉलेजात मिशांबद्दल मी जे शिकले होते त्याचा अर्थ मला त्या दिवशी त्या बाईने सांगितला. पावसाळा सरता सरता त्या भाटीच्या मिशा आल्या आणि ती पुन्हा गजातून जायला लागली, पण ते दोन-अडीच महिने तिचे माझ्यामुळे गेले.

"आंधळी" हा शब्द म्हातारीने अचूक वापरला होता. मांजराचे डोळे अंधुक उजेडात आपल्यापेक्षा कितीतरी चांगलं बघतात, लांबची हालचाल तर चटकन टिपतात. पण अगदी तोंडापुढची वस्तू त्यांना स्पष्ट दिसत नाही. साधारण वीतभराच्या आत आलं की नजर ठरत नाही. तुम्ही ठकीच्या नाकापुढे खाऊ टाकता आणि ती तो हुंगत शोधत बसते, त्याचं कारण हेच. नजर जिथे संपते, तिथून पुढचं मिशा बघतात.

आपल्याकडे म्हण आहे, मांजर डोळे मिटून दूध पितं. त्या म्हणीत आपण मांजराला लबाड ठरवून टाकलं. कधी तिच्या शेजारी जमिनीवर बसून बघा. भुवईच्या जागी तिला चार-सहा लांब केस असतात, त्याही मिशाच. त्यांना काही लागलं की पापणी झटकन मिटते, डोळा वाचावा म्हणून. भांड्याचा काठ त्या केसांना लागला तरी डोळे मिटतात. तसंही इतक्या जवळचं दूध तिला धड दिसत नसतं, मग उघडे ठेवून करायचं काय! मिशा गालावर असतात, हनुवटीवर असतात आणि पुढच्या पायांच्या मागच्या बाजूला, मनगटापाशीही असतात. पंजात धरलेला उंदीर मेला की अजून हलतोय, हे त्या मनगटाच्या केसांना कळतं. तुमच्या मुलाने हे सगळे केस राखले आहेत, म्हणजे ठकीजवळ अजून बरंच काही शिल्लक आहे.

लोडशेडिंगच्या दिवसांत वखारभागातल्या एका धान्याच्या वखारीत मी रात्रीची गेले होते. मालकाच्या मांजरीच्या पायात काच गेली होती आणि ती पोत्यांच्या थप्पीआड दडली होती. बॅटरी टाकली तर दुखऱ्या पायानेही तिने उंदीर धरलेला. तोंडात उंदीर आणि दोन्हीकडच्या मिशा पुढे वळून, बोटांनी कवटाळावं तशा त्याच्या अंगाभोवती लपेटलेल्या. एरवी आडव्या पसरणाऱ्या मिशा इतक्या पुढे येतात हे मी तोवर इतक्या जवळून पाहिलं नव्हतं. तोंडाखाली काय चाललंय ते तिला दिसत नव्हतं, मिशांना कळत होतं. त्या काळोखात उंदीरही मिशांनीच वाट काढत असणार. उंदराच्या मेंदूत तर एकेका मिशीसाठी स्वतंत्र कप्पा असतो, हे शास्त्रज्ञांनी १९७० साली दाखवून दिलं आहे.

कपाटामागे ठकी का अडकली ते आता तुमच्या लक्षात येईल. मांजराचं गळपट्टीचं हाड आपल्यासारखं खांद्याला जोडलेलं नसतं, स्नायूंत सुटं असतं, म्हणून डोकं गेलं की खांदे दाबून बाकीचं अंग सहसा मागोमाग जातं. फटीत शिरण्याआधी ती डोकं घालते आणि दोन्हीकडच्या मिशा कडांना किती वाकतात त्यावरून अंदाज घेते. ठकीला डावीकडून काहीच निरोप आला नाही, त्यामुळे त्या बाजूला मोकळी जागा आहे असं तिला वाटलं असणार. माळ्यावर न चढण्याचंही तसंच. उडी तर डोळ्यांच्या भरवशावर मारता येते, पण वर पाय टेकताना कड, भिंत, डबे या जवळच्या गोष्टी मिशा सांगतात. त्या सांगेनाशा झाल्यावर ती उडी टाळते. यात तिचा शहाणपणा आहे, तिला वर ठेवून धीर द्यायला जाऊ नका.

काकूंचा सल्ला मात्र अजिबात ऐकू नका. उरलेल्या निम्म्या मिशांवरच सध्या तिचं चाललंय. एक डोळा दुखावला म्हणून दुसरा कुणी झाकत नाही.

या दोन-तीन महिन्यांत तिच्यासाठी घर थोडं सोपं करा. पलंग, कपाट, रांजण, जे जिथे आहे ते तिथेच राहू द्या. तिला घराचा नकाशा पाठ आहे आणि आत्ता तोच तिचा आधार आहे. कपाट आणि भिंतीमधली फट जुन्या गोधडीने बुजवा. रात्री स्वयंपाकघरात झिरोचा बल्ब लावून ठेवा. नजर असली तरी मांजरालाही अगदी मिट्ट काळोखात दिसत नाही, थोडा उजेड लागतोच. संध्याकाळनंतर तिला बाहेर सोडू नका. कुत्रं मागे लागलं तर ती सवयीने कुठल्या तरी फटीत घुसेल आणि ती फट तिला पुरेल की नाही हे तिला आत्ता कळणार नाही. माळ्याखाली एक खोकं किंवा स्टूल ठेवा, म्हणजे मनात आलं तर दोन टप्प्यांत चढेल. तिला उचलताना, हात लावताना डावीकडून अचानक जाऊ नका, आधी हाक मारा.

खाण्याबद्दल. खोल वाटीऐवजी पसरट ताटली द्या. खोल भांड्यात मिशा काठाला घासून मांजरं हैराण होतात, असं हल्ली फार बोललं जातं आणि त्यासाठी महागड्या ताटल्याही विकल्या जातात. तपासून पाहिलं तेव्हा भांडं बदलून मांजरांच्या खाण्यात फारसा फरक पडलेला दिसला नाही, त्यामुळे त्यावर पैसे घालवू नका, घरातली स्टीलची ताटली पुरे. ठकीला पसरट ताटली सुचवते ती एवढ्यासाठी, की खोल वाटीची कड तिला आत्ता नीट कळत नाही आणि वर दिसेल असं अन्न तिला सोपं जाईल. दूध टाकते त्याचं वाईट वाटून घेऊ नका. मोठ्या मांजरांपैकी बऱ्याच जणांना दूध पचत नाही, जुलाब होतात. पाणी आणि पोटभर जेवण मिळालं की झालं.

पण तिने दिवसभर अन्नाला तोंडच लावलं नाही, तर थांबू नका, पशुवैद्यांकडे न्या. दोन-तीन दिवसांच्या उपासाने मांजराच्या, त्यातही लठ्ठ मांजराच्या, यकृतावर चरबी चढते आणि जीवावर बेततं. ओठाला कात्री लागून सूज, पू, रक्त दिसलं तरी न्या. आणि पुढे कधी कात्री न लावताच मिशा झुपक्याने गळायला लागल्या, शेजारी केस जाऊन गोल चट्टा दिसला, तर तो नायटा असू शकतो. तो मुलांनाही लागतो, म्हणून तेव्हाही दवाखाना.

तिला दुखतंय का, हे ओळखायला चेहरा बघायला शिका. माँट्रियल विद्यापीठातल्या पशुवैद्यांनी २०१९ मध्ये त्याची एक मोजपट्टीच मांडली आहे. पाच गोष्टी बघायच्या: कान, डोळे, नाकतोंडाचा भाग, मिशा आणि डोकं कसं धरलंय. मांजर सुखात असलं की मिशा सैल, किंचित खाली वळलेल्या असतात. दुखत असलं की त्या ताठ, सरळ होऊन पुढे येतात, डोळे बारीक होतात, कान बाहेरच्या बाजूला फिरतात आणि डोकं खांद्याच्या खाली जातं. ठकीच्या उजव्या मिशा आणि कान तुम्हाला हे सांगतील. पुढे सरसावलेल्या मिशा खेळतानाही दिसतात, म्हणून एकट्या मिशांवरून ठरवू नका.

आता सासूबाई. त्यांना "तुमचं चुकलं" असं म्हणू नका, कारण त्यांचं सगळं चुकलेलं नाही. मांजरामुळे काही जणांना खरोखर धाप लागते, दमा बळावतो. मात्र ते केस पोटात जाऊन होत नाही. मांजराच्या लाळेत आणि कातडीत एक प्रथिन असतं. ती अंग चाटते तेव्हा ते केसांवर वाळतं, मग धुळीबरोबर हवेत जातं आणि श्वासातून आपल्यात येतं. ज्यांना त्याचं वावडं आहे त्यांनाच त्रास होतो. घरात कुणाला ठकी जवळ आली की शिंका, डोळ्यांना खाज, छातीत घरघर असं होत असेल तर डॉक्टरांना विचारा, तिला झोपायच्या खोलीत घेऊ नका. पोटात गेलेली मिशी मात्र नखाच्या तुकड्यासारखी जशी गेली तशी बाहेर पडते. पातेल्यावर झाकण ठेवा. दुधात मांजराने तोंड घालू नये हा सासूबाईंचा आग्रह योग्यच आहे आणि तो पाळला तर मिशीचा प्रश्न उरत नाही.

मिशीची भीती आपल्याकडे जुनी आहे. शिराळ्याकडच्या भागात, चांदोलीच्या कडेच्या गावांत, बिबट्याची किंवा वाघाची मिशी पोटात गेली तर विष होतं, असं मी कित्येकांकडून ऐकलं. तीही केराटिनचीच, तिच्यात विष नसतं. या समजापायी आणि ताईत करायला लोक मेलेल्या बिबट्याच्या मिशा उपटून नेतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे अशी मिशी जवळ बाळगणंही गुन्हा आहे. उसाच्या फडात राहणारा तो बिबट्या रात्री पात्यांच्या दाटीतून वाट काढतो, तेव्हा ठकीसारखाच मिशांचा आधार घेतो. हे सासूबाईंना जेवताना गोष्टीसारखं सांगा, त्यांना आवडेल. त्यांना पुराची ती रात्रही आठवून द्या. वीज गेलेली, खाली पाणी, आणि एवढंसं पिल्लू काळोखात एकेक पायरी चाचपत वर आलं. पिल्लू जन्मतं तेव्हा डोळे मिटलेले असतात, ते आठवडा-दीड आठवड्याने उघडतात, पण मिशा पहिल्या दिवसापासून असतात. तुमच्या जिन्यापर्यंत ठकीला आणण्यात त्यांचा मोठा वाटा असणार.

राहिला मुलगा. त्याला रागावू नका. मोठ्यांनी सांगितलेलं त्याने केलं, आणि तिने ओरखडल्यावर थांबला. पण "काही नाही झालं" असंही म्हणू नका, कारण झालंय, आणि ते त्याला दिसतंय. खरं तेच सांगा: ठकीला त्रास होतोय, तो कायमचा नाही, आणि तो कमी करणं त्याच्या हातात आहे. एका रात्री घरातले दिवे घालवा आणि त्याला माजघरातून स्वयंपाकघरात जायला सांगा, आधी हात पुढे धरून, मग हात पाठीमागे घेऊन. तुम्ही सोबत चाला. ठकी उंबऱ्यावर का थांबते हे मी पानभर लिहून सांगितलं त्यापेक्षा त्याला त्या दहा पावलांत जास्त कळेल.

मग त्याला एक वही द्या. पहिल्या पानावर ठकीचं तोंड काढायचं, दोन्हीकडे चार-चार ओळींचे ठिपके द्यायचे. दर रविवारी, ती झोपलेली असताना, हात न लावता, बॅटरी डोळ्यांवर न मारता बघायचं आणि जिथे नवा कोंब आला तो ठिपका रंगवायचा. स्टूल जागेवर आहे का, फटीतली गोधडी सरकली नाही ना, झिरोचा बल्ब लागला का, हेही त्यानेच बघायचं. आणि डॉक्टर इंजेक्शनच्या ज्या पुढच्या तारखा देतील, त्या त्याच वहीच्या मागच्या पानावर तुम्ही लिहून ठेवा. त्यातली एकही चुकवू नका.